न वाजणारी दारं

गाडीतला, दार नीट लागलं नसल्याचा तो लाल दिवा पेटलेलाच होता. मार्लिसने तो पाहिला आणि किल्लीवरचा हात काढून घेतला.

"सिल्वी, दार."

"लावलंय."

"लागलं नाहीये. पुन्हा लाव."

सिल्वीने दार उघडून पुन्हा लावलं. शेवटच्या बोटभर अंतरात हँडल धरून, हलक्या हाताने, मागच्या सीटवर कुणी झोपलंय अशा बेताने. दिवा तसाच राहिला. आणखी एकदा लावलं तेव्हा कुठे विझला. घरून निघताना हेच झालं होतं आणि आता पेट्रोल पंपावरही तेच. मार्लिसने गाडी रस्त्याला घेतली. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना स्प्रूसची झाडं होती, आणि संध्याकाळ असूनही सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता.

ऑगस्टअखेर सिल्वीचं कॉलेज सुरू होणार होतं. नव्या मुलांना जूनमध्ये एका मुक्कामासाठी बोलावत. मुलं एका हॉस्टेलात झोपत, आईबाप दुसऱ्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळी हॉस्टेलं हिंडून झाल्यावर ज्याचा त्याचा नंबर आला की ज्याने त्याने फोनवर आपली खोली निवडायची. एकदा निवडली की वर्षभर बदल नाही.

मार्लिसने निवड हिवाळ्यातच करून ठेवली होती. सेवरसन हॉल. तिथे दिवसरात्र शांतता पाळतात, गाणं वाजवायचं तर कानात, आणि बऱ्याचशा खोल्या एकटीच्या. अशा खोल्या थोड्याच असतात, पण सिल्वीचा नंबर सुदैवाने लवकरचा लागला होता. नवऱ्याला, रॉयला, तिने हे फोनवर सांगितलं होतं. तो लोहखनिजाच्या जहाजावर, सरोवराच्या मध्यावर कुठेतरी, तुटक्या आवाजात "छान, छान" म्हणाला होता. चर्चमधल्या बायकांनाही तिने सांगितलं होतं. आमची सिल्वी शांत आहे ना, तिला गोंधळ सोसायचा नाही. सिल्वीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "चालेल."

सिल्वीचं सगळ्याच गोष्टींना चालायचं.

टॅम्बलिन हॉलच्या तिसऱ्या मजल्यावर आईबापांची सोय केली होती, एका खोलीत दोघांची. मार्लिस जिना चढून वर पोचली तेव्हा खिडकीजवळच्या पलंगावर एक भरदार बाई बूट काढून पाय चोळत बसली होती.

"या! मी बर्नाडेट. खिडकी मी घेतली, आधी आले म्हणून. आणि एक आत्ताच सांगून टाकते, मी घोरते. नवरा म्हणतो, गवत कापायचं यंत्र परवडलं."

"चालेल," मार्लिस म्हणाली. म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं की हा तर सिल्वीचा शब्द.

"तुम्ही इकडच्याच?"

"हो. इथून वर, दोन तासांवर."

"म्हणजे आम्ही पुलाच्या दक्षिणेचे, तुमच्या लेखी पुलाखालचे राक्षस!"

"तसं तोंडावर नाही म्हणत आम्ही."

"पाठीमागे म्हणता, ते वाईट." बर्नाडेट खदखदून हसली. "दुपारी तुमची ती पेस्टी खाल्ली. बटाटा, मांस, ते शलगम, सगळं कणकेत कोंबलेलं. वर मी ग्रेव्ही मागितली, तर काउंटरवरची मुलगी माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी तिच्या आजीची शेगडी मागितली."

"केचप," मार्लिस म्हणाली. "केचप लावायचं."

"अगं बाई. आता रात्रभर भांडण आपलं."

मार्लिस आपल्या पलंगावर बसली आणि गादी चुरचुरली. चादरीखाली जाड प्लास्टिक होतं. तो आवाज ओळखीचा होता. दोन वर्षं घरी जेवणाच्या खोलीत टेबलाच्या जागी तिच्या बाबांचा पलंग होता, आणि त्यांनी कूस बदलली की अगदी असाच आवाज येई. बर्नाडेट काहीतरी सांगत होती, तिच्या मुलाबद्दल, तो घरात बास्केटबॉल आपटत हिंडतो त्याबद्दल. मार्लिस मान हलवत राहिली.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर बाबांना आवाज सहन होईनासा झाला. कुणी भांडं पाडलं, दार आपटलं, की ते दचकत, आणि दचकले की त्यांचा उजवा हात बराच वेळ थरथरत राही. डोळ्यांतून पाणी येई, त्याची त्यांना लाज वाटे. मग घर शांत झालं. खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे लागले, फोनची घंटा बंद झाली, कुकरला रजा मिळाली, सगळे मोज्यांवर वावरू लागले. मार्लिसच्या हाताला एक सवयच जडली. कुठे खुट्ट झालं की बोट आपोआप ओठांवर जाई.

मार्चमध्ये बाबा गेले तेव्हा जमीन दगडासारखी गोठलेली होती. चर्चमधली प्रार्थना झाली, तळघरात कॉफी झाली, लोक आपापल्या घरी गेले. पेटी मात्र दफनभूमीच्या कोठीत मे महिन्यापर्यंत थांबली, इकडे हिवाळ्यात गेलेल्या सगळ्यांची थांबते तशी. मे उजाडला, जमीन मऊ झाली, आणि मार्लिसला तोच काळा कोट घालून सगळं पुन्हा करावं लागलं. आता झालं, असं लोक म्हणाले. आता विसावा घे. विसावा कसा घेतात ते तिच्या अंगाला आठवत नव्हतं.

"दमलेली दिसतेस," बर्नाडेट मध्येच म्हणाली. 'तुम्ही' कधीच गळून पडलं होतं.

"थोडी."

"झोप मग. मी गप्प बसते." आणि ती खरोखरच गप्प बसली, एवढंच की मिनिटाभरात घोरू लागली.

मार्लिसला वाटलं, आता झोपेचं संपलं. ती उताणी पडून ऐकत राहिली. घोरणं चढायचं, अडखळायचं, धाडकन उतरायचं आणि पुन्हा चढायचं. दोन वर्षं ती एका बारीक श्वासाला कान लावून झोपली होती, म्हणजे झोपलीच नव्हती. तो श्वास इतका हलका असायचा की तो चालू आहे की नाही हे कळायला आपला रोखून धरावा लागे. या श्वासाला कान लावायची गरज नव्हती. हा भिंतीपलीकडेही ऐकू गेला असता. खाली गवतावर मुलं चेंडू खेळत ओरडत होती, वरच्या मजल्यावर कुणीतरी काहीतरी सरकवत होतं. मार्लिसचे हात चादरीवर सैल पडले. सकाळी बर्नाडेटने खांदा हलवून तिला उठवलं.

"अगं ऊठ, नाश्ता संपेल. मी घोरले?"

"माहीत नाही," मार्लिस म्हणाली, आणि ते जवळजवळ खरं होतं.

सगळे आधी सेवरसनमध्ये गेले. टीगन नावाची तिसऱ्या वर्षाची मुलगी सगळ्यांना हिंडवत होती. दारातून आत शिरताच तिने आवाज खाली आणला. व्हरांड्यात जाड गालिचा होता. प्रत्येक दाराला खालून रबराची पट्टी. भिंतीवर हात धुवायच्या द्रवाची बाटली, आणि हवेत त्याचाच वास. टीगन कुजबुजत होती, "इथे अभ्यास छान होतो. हळू चाललात तर बरं." मुलं आणि आईबाप पाय जपून टाकू लागले. तरी कुणाच्या बुटाचा आवाज होत होता, कुणाच्या किल्ल्यांचा.

सिल्वीचा अजिबात होत नव्हता. पावलाची बाहेरची कड आधी टेकवून, मग हळूच टाच. तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिनेच शोधलं होतं. टीगनने एक खोली उघडून दाखवली. सगळे बघून बाहेर आले, शेवटी सिल्वी आली, आणि तिने दार लावलं. हँडल आधी खाली दाबलं, दार चौकटीला टेकवलं, मग हँडल सावकाश वर येऊ दिलं. खटका पडल्याचं कुणाला कळलंसुद्धा नाही.

"वा," टीगन कुजबुजली. "तू तर इथलीच वाटतेस."

सिल्वी हसली. मार्लिसला हवी ती जागा हीच होती, तिने कल्पना केली होती अगदी तशी, आणि तिला तिथून बाहेर पडायचं होतं. तो वास, तो गालिचा, ती कुजबुज. तिला क्षणभर असंही वाटलं, की या व्हरांड्याच्या टोकाला जेवणाची खोली असणार.

बाहेर उन्हात आल्यावर ती म्हणाली, "छान आहे, नाही?"

"हो."

"एकटीची खोली."

"हो ना," सिल्वी म्हणाली. "चालेल."

टॅम्बलिनकडे जाताना मार्लिस मागे पडली. रात्रीची झोप पुरली नव्हती. उलट थोडी झोप मिळाल्यावर शरीर आता सगळीच थकबाकी मागू लागलं होतं. पुढे टीगन पूर्ण आवाजात बोलत होती. इथे लिफ्ट नाही. इथे एकटीच्या खोल्या नाहीत, रूममेट घ्यावीच लागते. दारांखाली लाकडाची पाचर ठोकून ती दिवसभर उघडी ठेवायची रीत आहे. बंद दार दिसलं की लोक काळजी करतात. आणि हो, इथे नळ गातात. उन्हाळी वर्गाची चार-दोन मुलं व्हरांड्यात ढकलगाडीवर बसून शर्यत लावत होती. एकाने पाहुणे बघून टोपी काढली आणि भिंतीवर आदळला.

"देवा," एक बाप म्हणाला. "यांची फी कोण भरतं?"

"तुमच्यासारखेच," टीगन म्हणाली.

दौरा चौथ्या मजल्यापर्यंत गेला. मार्लिस तिसऱ्यावरच थांबली, रात्रीच्या खोलीत विसरलेला चष्मा घ्यायला. तो घेऊन ती जिन्याच्या पायऱ्यांवर बसली. वरून सगळे उतरू लागले, तिच्या बाजूने गेले, बर्नाडेट जाताना तिच्या डोक्यावर टपली मारून गेली. सिल्वी त्यांच्यात नव्हती.

मार्लिस कठड्याला धरून उठली आणि वर पाहिलं. चौथ्या मजल्याच्या जिन्याला आगीसाठी बसवतात तसलं जड लोखंडी दार होतं, आपोआप मिटणारं. सिल्वी ते पाठीने अडवून उभी होती. तिने रिकाम्या व्हरांड्यात पाहिलं. मग ती बाजूला झाली आणि तिने दाराला हात लावला नाही.

दार आलं आणि चौकटीवर आदळलं. आवाज जिन्याच्या पोकळीतून खाली गेला, तळाला आपटला, परत वर आला. कठडा मार्लिसच्या तळव्याखाली थरथरला. सिल्वी डोकं किंचित कलतं करून ऐकत होती. कोपऱ्यात भिंतीवर टेकवलेला एक झाडू घसरला, एवढंच. बाकी कुणाला काही झालं नाही. व्हरांड्यातून कुणी ओरडलंसुद्धा नाही.

सिल्वीने दार उघडलं, या वेळी पार भिंतीला टेकेपर्यंत, आणि पुन्हा सोडून दिलं.

मार्लिस दबक्या पावलांनी खाली उतरली.

दुपारी दोघी भोजनगृहामागच्या बाकावर बसल्या. समोर सरोवर होतं, जूनमध्येही थंड. सिल्वीच्या मांडीवर फोन होता. तिची वेळ आली तसा तो थरथरला.

"उघडलं," ती म्हणाली. "सेवरसनमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक आहे. एकटीची. घेते."

"बघ तरी बाकीच्या."

"कशाला? ठरलंय ना."

"मी ठरवलं होतं."

"तेच. तू सगळ्यांना सांगितलंयस पण." सिल्वीने अंगठा खाली नेला, आणि मार्लिसने फोनवर हात ठेवला.

"आई! वेळ जाईल. खोल्या संपतात."

"मी दार ऐकलं," मार्लिस म्हणाली.

सिल्वीच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढली. "कुठलं?"

"टॅम्बलिनचं. वरचं."

"ते हातातून सुटलं."

"दोनदा?"

सिल्वीच्या ओठांचा एक कोपरा हलला. "तिसऱ्यांदा सोडणार होते, पण ती ढकलगाडीवाली मुलं यायला लागली."

मार्लिसला हसू आलं. किती दिवसांनी आलं ते तिला कळलं नाही.

"तो बाजा कुठे आहे तुझा?" तिने विचारलं. भोंग्यासारख्या मोठ्या तोंडाचा पितळी बाजा सिल्वी शाळेच्या बँडमध्ये वाजवायची. मग एक दिवस तिने बँड सोडला. कंटाळा आला असं म्हणाली, आणि घरात इतकं काही चाललं होतं की मार्लिसने ते खरं मानलं.

"तळघरात. बॉयलरच्या मागे."

"मला वाटलं शाळेला परत दिलास."

"शाळेचा कुठे होता? आजोबांनी घेऊन दिला होता." सिल्वी थांबली. "म्हणायचे, गाय हंबरल्यासारखी वाजवतेस, आणखी वाजव."

मार्लिसला ते आठवलं. बाबा परसात लाकडं फोडत असायचे, वरच्या खिडकीतून ते हंबरणं यायचं, आणि ते कुऱ्हाड थांबवून, टोपी मागे सारून, वर बघायचे. त्याच बाबांसाठी तो बाजा बॉयलरच्या मागे गेला होता. हे दोन्ही बाबा एकच होते, हे एका वेळी डोक्यात धरून ठेवायला फार ताकद लागत होती.

"मला राग नव्हता हं कधी," सिल्वी म्हणाली. "आजोबांचा. तुझापण."

"ठाऊक आहे."

"आणि मला खरंच वाटायचं की मी शांत आहे. सगळे म्हणायचेच. सकाळी तिथे, त्या गालिच्यावर, मला वाटलं, बरोबर आहे, हे मला जमतं. मग वाटलं, बापरे. अजून चार वर्षं?"

मार्लिसने फोनवरचा हात काढला. "टॅम्बलिनमध्ये काय आहे?"

सिल्वीने पाहिलं. अंगठा भराभर चालत होता. "चौथ्या मजल्यावर. जिन्याला लागून. कुणालाच नको असणार ती. लिफ्ट नाही गं, सामान कोण चढवणार? बाबा ऑगस्टमध्ये जहाजावर."

"मी. तोपर्यंत झोपून घेते, मग चढवते."

"आणि रूममेट कसली मिळेल कुणास ठाऊक."

"घोरणारी बघ. त्याची सवय होते."

सिल्वीने आईकडे पाहिलं, नीट, डोळ्यांत. "आणि घरी तू? एकदम शांत होईल गं घर."

या प्रश्नाची मार्लिस सकाळपासून वाट बघत होती. सेवरसन ठरवताना तिने नेमका कुणाचा विचार केला होता? तिला वाटायचं, तिकडे एक शांत खोली आहे आणि इकडे एक शांत घर आहे, म्हणजे मूल फार लांब गेलं नाही. एवढाच तो विचार होता. तो आता बाकावर मांडून ठेवण्याइतका मोठा राहिला नव्हता.

"होईल," ती म्हणाली. "मी रेडिओ लावीन. घे ती खोली."

सिल्वीने अंगठा दाबला. काही वाजलं नाही, काही उजळलं नाही. पडद्यावर तिचं नाव आलं, खाली टॅम्बलिन. तिने इतका मोठा श्वास सोडला की बाकाच्या टोकावरचा सीगल दोन पावलं सरकला.

परतीच्या वाटेवर त्यांनी दोन पेस्ट्या घेतल्या आणि किनाऱ्यावर गाडी लावून खाल्ल्या. मार्लिसने अर्धी खाल्ली आणि उरलेली कागदात गुंडाळली. तिला इतकी झोप येत होती की पुढचा रस्ता दिसेल की नाही अशी शंका वाटली. सिल्वी म्हणाली, "मी चालवते." दोघी उतरल्या, गाडीला वळसा घालून एकमेकींच्या जागी गेल्या. मार्लिस शेजारच्या सीटवर टेकली आणि डोळे मिटले. सिल्वी स्टिअरिंगसमोर बसली. तिकडचं दार हळूच, अगदी हळूच लागल्याचं मार्लिसला जाणवलं, म्हणजे काहीच ऐकू आलं नाही.

तिने डोळे उघडले. लाल दिवा.

"सिल्वी."

"माहितेय," सिल्वी म्हणाली. तिने दार सताड उघडलं, हात पूर्ण लांब केला, आणि ओढून आपटलं.

गाडी हलली. आरशाला टांगलेली रॉयची टोपी डुलली. वाळूवरचे सीगल एकदम उठले. आणि मार्लिसचा हात, तिने न सांगता, वर गेला, बोट ओठांपर्यंत पोचलं.

सिल्वीने ते पाहिलं. मागच्या सीटवर पिशव्या होत्या, काळा कोट होता, बाकी कुणी नव्हतं. मार्लिसने त्या बोटाने ओठाच्या कडेचा कणकेचा कण टिपला आणि हात मांडीवर ठेवला.

"लागलं," ती म्हणाली. "चल आता."